गर्भिणीस परागज्वर : शेतावरची काळजी आणि औषधांचा विवेक

मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की बांधावर, गावठाणात, ओढ्याच्या काठाने आणि सडकेच्या दोन्ही बाजूंनी गाजर गवताची कोवळी रोपे एकदम वर येतात. महिना-दीड महिन्यात त्यांवर पांढरी बारीक फुले दिसू लागतात. त्याच सुमारास गावातील काही घरांतून पहाटेच्या शिंका ऐकू येतात. एकीमागून एक आठ-दहा शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळे लाल, टाळूला व कानाच्या आत खाज. घटकाभराने थांबते आणि शेतावर गेले की पुन्हा सुरू होते. पुढे बाजरी निसवते, मग ज्वारी फुलोऱ्यावर येते, आणि माघ-फाल्गुनात खळ्यावर मळणीची धूळ उडू लागते. ज्याला हे दुखणे आहे त्याला वर्षातील सहा-सात महिने नाकावरचा रुमाल खाली ठेवता येत नाही.

धडधाकट माणसाला हा त्रास चिडचिडीचा असतो, एवढेच. परंतु घरातील सून चार महिन्यांची गरोदर असेल, तर तोच त्रास काळजीचा होतो आणि घरातील माणसे दोन परस्परविरुद्ध चुका करतात. काही घरांत दुकानातून सर्दीची गोळी आणून तिला दिली जाते. दिवसातून दोन, तीन, वाटेल तितक्या. दुसऱ्या काही घरांत ‘पोटुशी बाईने औषध म्हणून काही घ्यावयाचे नाही’ असा दंडक घालून तिची सर्व औषधे बंद केली जातात, अगदी तिचा दम्याचा पंपसुद्धा. पहिली चूक धोक्याची आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी चूक कित्येकदा अधिक धोक्याची ठरते. ती चांगल्या हेतूने केली जात असल्यामुळे तिच्याकडे कोणी चूक म्हणून पाहत नाही. म्हणून हा लेख.

गवताचाही नव्हे, ज्वरही नव्हे

या विकाराला इंग्रज लोकांनी ‘हे फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप, असे नाव दिले. १८१९ साली लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे कारण मात्र पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी शोधले. त्यांनाही हाच विकार होता. त्यांनी निरनिराळ्या गवतांचे पराग जमवून ते स्वतःच्याच नाकात घालून पाहिले, आणि हवेत उंचावर पराग असतात की नाही हे पाहण्यासाठी चिकट काचा बांधून पतंग उडविले. १८७३ साली त्यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. तेव्हापासून हे निश्चित झाले की, या दुखण्याचे मूळ वाळल्या गवतात नसून वाऱ्यावर वाहणाऱ्या परागकणांत आहे. मराठीत त्याला परागज्वर म्हणतात. पण यात ज्वर येत नाही, हे नीट ध्यानात ठेवावे. शिंकांबरोबर अंगात ताप असेल तर तो परागज्वर नव्हे. ताप आलेल्या गर्भिणीची फ्ल्यू, हिवताप, डेंगी यांसाठी तपासणी झाली पाहिजे, आणि ती त्याच दिवशी.

परागज्वर हा संसर्गाने होणारा रोग नाही. तो एक प्रकारचे वावडे आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, तसे काहींच्या नाकाला परागाचे असते. शरीर त्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजते आणि त्याला हाकलण्यासाठी नाक सुजवते, पाणी सोडते, शिंका देते. त्यामुळे हे दुखणे सासूचे सुनेला किंवा सुनेचे पोटातील बाळाला ‘लागत’ नाही. वावड्याची प्रवृत्ती कुटुंबात असू शकते, इतकेच.

शिंकांच्या हिसक्याने गर्भाला इजा होते, अशी भीती अनेक स्त्रियांच्या मनात असते. ती निराधार आहे. बाळ गर्भजलात तरंगत असते आणि शिंकेचा धक्का त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिंक आली असता थोडी लघवी सुटते, हेही शेवटच्या महिन्यांत पुष्कळ जणींना होते. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र शिंक नसतानाही पाणी सतत झिरपत असेल, तर ते गर्भजल असू शकते. तेव्हा विलंब न लावता दवाखान्यात जावे.

पराग की गर्भारपण?

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण पुष्कळ वाढते आणि संप्रेरकांच्या प्रभावाने नाकाचे आतील अस्तर फुगते. त्यामुळे पाच गर्भिणींपैकी सुमारे एकीचे नाक कोणतेही वावडे नसताना आठवडेच्या आठवडे चोंदलेले राहते. त्यास औषध लागत नाही. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप मोकळे होते.

दोहोंतील फरक गावातील कार्यकर्त्यालाही ओळखता येतो. नुसते चोंदलेले नाक, विशेषतः रात्री, आणि खाज-शिंका नाहीत, तर ते बहुधा गर्भारपणाचे नाक होय. डोळ्यांना व टाळूला खाज, शिंकांचे झटके, पाण्यासारखा स्राव, आणि एखाद्या विशिष्ट जागी किंवा हंगामात वाढणारा त्रास असेल, तर परागज्वर समजावा. लग्नापूर्वी माहेरी तिला असाच त्रास होत होता काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. बहुतेक वेळा उत्तर त्यातच मिळते. पूर्वीपासून परागज्वर असलेल्या स्त्रियांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशांना गरोदरपणात आराम पडतो, एक तृतीयांशांचा त्रास वाढतो आणि उरलेल्यांचा होता तसाच राहतो. पहिल्या खेपेस काही झाले नाही, म्हणून दुसऱ्या खेपेस होणार नाही असे समजू नये.

आणखी एक गोष्ट. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर तो परागाचा म्हणून सोडून देऊ नये. गर्भिणी असली तरी तिच्या थुंकीची क्षयासाठी तपासणी करून घ्यावी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

पहिले औषध खुरपे आहे

परागज्वराचा पहिला उपाय शेतावर आहे, औषधाच्या बाटलीत नाही, आणि तो कृषिखात्याच्या कार्यकर्त्याच्या अखत्यारीतला आहे.

आपल्याकडील परागांत गाजर गवताचा पराग मोठा उपद्रवी आहे. काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरफुली अशा नावांनी ओळखले जाणारे हे तण मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या देशात ते प्रथम पुण्यात १९५५ साली नोंदले गेले. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर ते आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. आज महाराष्ट्रात ते नाही असा तालुका दाखविणे कठीण. एका झाडापासून हजारो बिया पडतात, त्या वाऱ्याने व पाण्याने पसरतात, आणि ओल मिळाली की वर्षातील कोणत्याही महिन्यात उगवतात. त्याच्या परागाने नाकाचा त्रास होतो. शिवाय पाने-देठांतील विषारी द्रव्यामुळे हाताला, मानेला व पापण्यांना खाजरा पुरळ उठतो.

त्याचा बंदोबस्त फुलोऱ्यापूर्वीच केला पाहिजे. पावसाने जमीन भिजलेली असताना रोप मुळासकट सहज उपटून येते. जमीन वाळल्यावर तेच देठातून तुटते आणि खालून पुन्हा फुटते. हातात जाड मोजे घालावेत. मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर बांधून घ्याव्यात. फुले येण्यापूर्वी उपटलेल्या गवताचे चांगले कंपोस्ट होते. फुललेले गवत मात्र वस्तीतून ओढत नेऊ नये व घराजवळ जाळू नये. गावठाण, शाळेचे पटांगण, विहिरीचा परिसर आणि गर्भिणी असलेल्या घराच्या सभोवारची पन्नासेक पावले जागा प्रथम साफ करावी. एका घराने एकट्याने उपटून भागत नाही, कारण शेजारच्या पडीक रानातील पराग कुंपण पाहत नाही. यास्तव हे काम ग्रामसभेत ठरवून एका दिवशी सर्वांनी मिळून करावे. जबलपूर येथील तणसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने दर ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो, तो यासाठी सोयीचा आहे. साफ केलेल्या जागी तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकल्यास तो दाट वाढून गाजर गवताला वर येऊ देत नाही. या तणाची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ साली भारतात आणला गेला. पावसाळ्यात तो पुष्कळ ठिकाणी आपोआप दिसतो. त्याला कीड समजून औषध फवारू नये.

हे उपटण्याचे काम गर्भिणीने करावयाचे नाही, हे पुनःपुन्हा सांगणे भाग आहे. खुरपणी हे बायकांचेच काम, या समजुतीने नेमकी तीच या गवतात बसविली जाते. तणनाशकाची फवारणी तर तिने कदापि करू नये, आणि फवारणीचे कपडेही तिला धुवावयास देऊ नयेत.

खुरपणीनंतर प्रश्न येतो तो पिकांच्या फुलोऱ्याचा. बाजरी, ज्वारी, मका ही सर्व गवताच्या कुळातील पिके असून त्यांचे पराग वाऱ्यावर पसरतात. अशा पिकात सकाळी चालताना पिवळी भुकटी अंगावर पडते, ती हीच. फुलोऱ्याचे ते दहा-पंधरा दिवस गर्भिणीने त्या पिकात शिरू नये. पाखरे राखावयाची असतील तर ती घरातील दुसऱ्या कोणी राखावीत. मळणी, उफणणी, सुपाने पाखडणे आणि कडब्याच्या गंजीतून पेंढ्या काढणे ही सारी कामेही तिच्या नाकाला बाधक आहेत. मळणीच्या धुळीत परागापेक्षा तूस, कूस आणि बुरशीचे कण अधिक असतात, आणि तेच दम्याला जास्त उठवतात. कडबा पुरता वाळल्याशिवाय गंजी रचू नये. ओलसर कडब्याला आतून बुरशी धरते आणि पुढे पेंढी उकलली की काळी धूळ उडते. ती जनावरालाही चांगली नाही.

गर्भिणीला सर्व कामांतून मोकळे ठेवा असे कागदावर लिहिणे सोपे आहे, याची लेखकास जाणीव आहे. जी स्त्री रोजंदारीवर जाते तिच्या घरची चूल त्या मजुरीवर पेटते. तिला ‘शेतावर जाऊ नकोस’ असे सांगणारा कार्यकर्ता तिच्या दृष्टीने परका ठरतो. त्याऐवजी काम बदलून मिळेल असे पाहावे. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभे राहण्याऐवजी पोती शिवणे, भाजीची निवड, रोपवाटिकेतील हलके काम अशी अदलाबदल मुकादमाशी किंवा मालकाशी बोलून बहुधा होऊ शकते. कार्यकर्त्याने शब्द टाकला तर नक्कीच अधिक सहज होते. धुळीत जाणे टळतच नसेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे आणि नाका-तोंडावर चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क लावावा. पदराची एक घडी पराग अडवीत नाही. मास्क नसल्यास सुती कापडाच्या तीन-चार घड्या ओल्या करून बांधाव्यात, त्याने थोडे तरी साधते. डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी खाज कमी होते.

घरी आल्याबरोबर हात-तोंड व डोळे धुवावेत, शक्यतो केसांवरून पाणी घ्यावे आणि शेतावरचे लुगडे बदलावे. ज्या लुगड्यावर दिवसभर पराग बसले त्याचीच रात्री उशी केली तर नाकाला विसावा मिळणार कसा? तिचे अंथरूण गोठ्याला किंवा वैरणीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीशी नसावे. गोधड्या आठवड्याला उन्हात टाकाव्यात व आत आणण्यापूर्वी अंगणात झटकाव्यात; झटकण्याचे काम दुसऱ्याने करावे. परंतु गाजर गवत किंवा बाजरी फुलोऱ्यात असताना तिचे कपडे बांधावर अगर कुंपणावर वाळत घालू नयेत. चुलीचा धूर परागाने सुजलेल्या नाकाला आणखी सुजवतो. गॅस असेल तर तो जपून चहापुरता ठेवण्याऐवजी या नऊ महिन्यांत सगळ्या स्वयंपाकासाठी वापरावा. डासांसाठी धूर करण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

मिश्री आणि तपकीर यांविषयी दोन शब्द. चोंदलेले नाक मोकळे व्हावे म्हणून तपकीर ओढण्याचा सल्ला वडीलधाऱ्या बायका देतात, आणि मिश्री तर अनेकींच्या दिवसाची सुरुवात असते. या दोन्ही वस्तू म्हणजे तंबाखू होय. तंबाखूने बाळाचे वजन घटते आणि बाळंतपण मुदतीपूर्वी होण्याचा संभव वाढतो. तपकिरीने नाकाचे अस्तर अधिकच चिडते. सवय जुनी असेल तर सुटणे अवघड आहे, हे मान्य. तरी सोडण्यासाठी गरोदरपणापेक्षा चांगले निमित्त मिळत नाही.

मिठाचे पाणी

एवढे करूनही नाक वाहत राहिले तर दुसरी पायरी मिठाच्या पाण्याची. ही गर्भिणीस कोणत्याही महिन्यात निर्धोक आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. खेदाची गोष्ट ही की, फुकटची असल्यामुळेच तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

एक लिटर पिण्याचे पाणी पाच मिनिटे खळखळून उकळावे व झाकून कोमट होऊ द्यावे. त्यात चहाचे सपाट दीड चमचा साधे मीठ विरघळवावे. झोंबत असल्यास अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. विहिरीचे, आडाचे किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात मुळीच घालू नये. क्वचित त्यातील सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक आजार होतो. नेतीचे भांडे, स्वच्छ पिचकारी किंवा मऊ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. पुढे वाकून, मान किंचित एका बाजूस कलती करून, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी हळूहळू सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडते. घशात आले तर थुंकून टाकावे. मग दुसरी बाजू. शेवटी नाक हलकेच शिंकरावे, जोर करू नये. शेतावरून आल्यावर एकदा व निजण्यापूर्वी एकदा असे दिवसातून दोन वेळा पुरे. पाणी रोज ताजे करावे आणि भांडे उकळत्या पाण्याने धुऊन कोरडे ठेवावे. पहिल्या दोन दिवसांत ठसका लागतो व बायका हे सोडून देतात. कार्यकर्तीने समोर बसून एकदा करवून घेतले तर तिसऱ्या दिवसापासून सवय होते.

रात्री उशाला दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि कुशीवर निजावे. वाफ घेण्यास हरकत नाही; मात्र तिने परागाचे वावडे जात नाही, आणि उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर उलटून भाजल्याची उदाहरणे घडतात. पातेले जमिनीवर पक्के ठेवावे व लहान मुलांना दूर करावे.

दुकानातील गोळी

आता औषधांकडे वळू. खेड्यातील दुकानात ‘सर्दीची गोळी’ मागितली असता जी मिळते, ती एक औषध नसून तीन-चार औषधांची मोळी असते. तीत तापाचे औषध असते, शिंका थांबविणारे असते आणि नाक मोकळे करण्यासाठी रक्तवाहिन्या आकसविणारे फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते. हे शेवटचे औषध गर्भिणीस अयोग्य आहे. त्याने रक्तदाब वाढू शकतो, आणि स्यूडोएफेड्रिन पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास बाळाच्या पोटाच्या भिंतीत व्यंग राहण्याचा संभव काही अभ्यासांत दिसून आला आहे. अंगदुखीसाठी म्हणून त्याच चिठ्ठीत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके दिली जातात. ती गरोदरपणात स्वतःहून घेऊ नयेत. पाचव्या महिन्यापासून पुढे तर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांस व हृदयाच्या रक्तवाहिनीस अपाय होऊ शकतो. नाक चटकन मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा अधिक वापरले तर नाक त्यांच्याच आधीन होते आणि थेंब न घालता ते उघडेनासे होते.

‘सुई मारून घेतली की महिनाभर शिंक नाही’, अशी ख्याती असलेला एखादा इसम पंचक्रोशीत असतो. ती सुई बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडची असते. गर्भिणीत तिने रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो. शिंकांसाठी तिची गरज नाही.

मग घ्यावे तरी काय? प्रथम डॉक्टरांना गरोदरपण किती महिन्यांचे आहे ते सांगावे, आणि गर्भ राहिल्याची नुसती शंका असेल तर तीही सांगावी. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि पुष्कळदा दुकानातील गोळी त्याच काळात, कोणालाच काही ठाऊक नसताना, घेतली जाते. डोळे-नाक फारच वाहत असतील तर डॉक्टर बहुधा सेटिरिझीन किंवा लोराटाडीन या गोळ्यांपैकी एक देतात. आजवर फार मोठ्या संख्येने गर्भिणींनी या गोळ्या घेतल्या असून त्यांच्या बाळांत व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. क्लोरफेनिरामिन हे जुने औषधही बरीच वर्षे वापरात आहे, पण त्याने गुंगी येते. विळा हातात धरणाऱ्या किंवा विहिरीवर जाणाऱ्या बाईला ते दिवसा देणे शहाणपणाचे नव्हे.

त्रास रोजचा असेल तर गोळीपेक्षा नाकात मारावयाचा औषधी फवारा अधिक गुणकारी असतो. बुडेसोनाइडच्या फवाऱ्याचा गरोदरपणातील अनुभव सर्वांत अधिक आहे. त्यातही स्टेरॉइड असते, हे ऐकून घरची माणसे दचकतात. पण सुईतील मोठी मात्रा सर्व शरीरात फिरते आणि फवाऱ्यातील अल्प मात्रा बहुतांशी नाकातच काम करते, हा फरक त्यांना समजावून सांगावा. फवारा मारताना मान थोडी पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी धरून तिचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूस करावे. नाहीतर रक्त येते. त्याचा पूर्ण गुण येण्यास काही दिवस लागतात. पहिल्या दिवशी फरक पडला नाही म्हणून तो फळीवर ठेवून देऊ नये. वावडे कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा लांब पल्ल्याचा उपचार आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवता येतो, पण गरोदरपणात तो नव्याने सुरू करीत नाहीत. झाडपाल्याची व पुड्यांतील औषधे ‘नैसर्गिक’ आहेत म्हणून निर्धोक असतात, हा समज टाकून द्यावा. त्यांत काय मिसळलेले आहे हे देणाऱ्यासही पुष्कळदा माहीत नसते.

पंप बंद करू नका

परागज्वर असलेल्या पुष्कळांना दमाही असतो. नाकाचे दुखणे वाढले की छातीही घरघरू लागते. गरोदरपणात दम्याची औषधे सोडणे, ही या सर्व विषयातील सर्वांत गंभीर चूक आहे. बाळाला लागणारा प्राणवायू आईच्या श्वासातून येतो. आईला धाप लागली की त्याचाही वाटा कमी होतो. दमा आटोक्यात नसलेल्या मातांत रक्तदाब वाढणे, बाळ मुदतीपूर्वी जन्मणे व त्याचे वजन कमी भरणे यांचे प्रमाण अधिक असते. पंपातील नेहमीची औषधे मात्र गरोदरपणात घेण्यासारखी आहेत. पंपाची ‘सवय लागते’, बाळ ‘गरम पडते’, अशा गोष्टी सांगणाऱ्या सासूबाईंचा हेतू चांगला असतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच दवाखान्यात बरोबर न्यावे आणि डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकवावे.

बोलताना वाक्य पुरे होत नाही, श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जाते, ओठ-नखे निळसर दिसतात, पंप घेऊनही उतार पडत नाही, किंवा बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटते, यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत बाईला आडवे न निजविता टेकून बसवावे, आणि तिचा झटक्याच्या वेळचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देत राहावे.

गावातील कार्यकर्त्यांना एक साधी विनंती आहे. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका गर्भिणीची नोंद करतात तेव्हाच ‘शिंका किंवा दम्याचा त्रास आहे काय, पंप आहे काय’ असे विचारून उत्तर तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहावे. पुढे तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांच्या नजरेस ते पडेल. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भिणींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी घरात असलेली सर्व औषधे, रिकामी वेष्टने व अर्धवट संपलेले थेंबसुद्धा पिशवीत घालून न्यावेत. बाईने ‘पांढरी गोळी घेतली’ असे सांगण्यापेक्षा डॉक्टरांना ते वेष्टन दिसणे कधीही बरे. लोहाच्या गोळ्या शिंकांमुळे बंद करू नयेत. त्यांचा नाकाशी काही संबंध नाही. फ्ल्यूची लस गर्भिणीस घेता येते व घ्यावी, तिच्याबद्दलही त्याच दिवशी विचारावे.

बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईला सेटिरिझीन, लोराटाडीन व नाकातील फवारा डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतो. गुंगीच्या गोळ्यांनी बाळही सुस्त पडते आणि स्यूडोएफेड्रिनने दूध आटते, म्हणून दुकानातील गोळी तेव्हाही वर्ज्यच. बाळंतिणीची खाट पुष्कळ घरांत ऊब राहावी म्हणून वैरणीच्या खोलीत किंवा गोठ्यालगत घातली जाते. ती तेथून हलवावी. दोन-तीन आठवडे उलटून गेले तरी नाक चोंदलेलेच राहिले, तर त्याचे कारण गर्भारपण नव्हे असे समजून पुन्हा दवाखान्यात दाखवावे.